गोठ्यातलं लुगडं

माई जाणार हा निरोप मला माईंच्या नावाने आलाच नाही, गाईच्या नावाने आला. मी आठ दिवसांसाठी पुण्याला वसंताच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, खोलीवर गेले होते. कॉलेजात जाणारा मुलगा काय खातो, वेळेवर जेवतो की नाही, या काळजीने भोरात माझा डोळा लागत नव्हता. तिसऱ्याच दिवशी आमच्या आळीतले एक गृहस्थ सकाळच्या मोटारीने आले, दारात उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "माईंचं जरा जास्त आहे. तुम्हाला बोलावलंय. आणि... गाय दोन दिवस झाले, कुणाला कासेला हात लावू देत नाही." पहिली दोन वाक्यं मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. माणसं 'जरा जास्त' आहे म्हणतात, त्यात पुष्कळदा नुसती घाई असते. पण तिसऱ्या वाक्याला मी वसंताला हाक मारली आणि दोघांची पिशवी भरायला घेतली. अंगात ताप असो, कंबर धरलेली असो, धारेच्या वेळेला माई उठून गोठ्यात गेल्या नाहीत असं सोळा वर्षांत झालं नव्हतं. त्या दोन दिवस उठल्या नव्हत्या, म्हणजे त्या उठणार नव्हत्या.

नसरापूरला मोटार थांबली आणि ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. त्या माणसाचा मला इतका राग आला की काय सांगू! बिचाऱ्याला काय ठाऊक? मी मात्र खिडकीतून त्याच्या कपाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून एक घोट, अजून एक घोट, आणि तिकडे काय होऊन बसलंय कोण जाणे. भोरला उतरले आणि आळीच्या तोंडाशीच गाईचं हंबरणं ऐकू आलं. घरात रडण्याचा आवाज नव्हता. ओसरीवर माणसं उभी होती, माईंचे यजमान, आमचे भाऊजी, भिंतीला टेकून बसले होते. माईंना जाऊन तीन तास झाले होते. माझ्यासाठी थांबले होते सगळे.

माई म्हणजे माझी थोरली जाऊ. सारोळ्याची मुलगी. उंच, सावळ्या, हाडापेराने मजबूत आणि बोलायला अतिशय कंजूष. मी लग्न होऊन या घरात आले ती साताऱ्याहून, तोंडाची टकळी घेऊन. आमचं पटत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण न पटायलासुद्धा आधी बोलावं लागतं. मी दहा वाक्यं बोलले की त्या "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये होकार आहे, नकार आहे की माझी कीव आहे, हे शोधण्यात माझी पहिली चार वर्षं गेली. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि त्याही बोलत नसत. घराच्या मागे परसात चार केळी, अळूचं आळं, दोन ओळी वांग्यांच्या आणि एका कोपऱ्यात रिकामा गोठा होता; त्या सगळ्यावर त्यांचा जीव. सासूबाई म्हणायच्या, "थोरली झाडांशी बोलते, धाकटी भिंतींशीही बोलते." यातली धाकटी मी.

वसंता झाला त्या साली पौष-माघाची थंडी मोठी कडक होती. बाळंतपणात मला ताप भरला, तो उतरेना, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी माझं दूध आटलं. ज्या बाईवर हे गुदरलं नाही तिला ते सांगून कळणार नाही. मूल तोंड उघडून शोधतं आहे आणि आपल्याजवळ काही नाही... रतिबाचं दूध आणलं, तर त्यात दूध किती आणि नीरेचं पाणी किती हे तो गवळी आणि ती नदी दोघांनाच ठाऊक. मुलाचं पोट चालू झालं. शेळीचं करून पाहिलं, तेही अंगी लागेना. महिन्याच्या मुलाची मान गळाल्यासारखी झाली, हाताची बोटं काड्यांसारखी. वैद्यबुवा आले, त्यांनी त्याच्या पोटावरची कातडी दोन बोटांत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. ते म्हणाले, "एकाच गाईचं, डोळ्यांदेखत काढलेलं दूध द्या. ते पचलं तर मूल तुमचं." पचलं नाही तर कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गाय बघायला घरातले दोन्ही पुरुष गेले. भाऊजी आणि आमचे हे, दोघेही संस्थानच्या कचेरीत कारकून. कागदाला कागद जोडण्यात पटाईत, पण जनावराच्या बाबतीत सगळं ज्ञान ऐकीव. वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत हैबती नावाच्या शेतकऱ्याकडे दुसऱ्या वेताची तांबडी गाय आहे अशी बातमी लागली होती. तिकडे जाऊन त्यांनी गाईचे दात मोजले, शिंगं पाहिली, चारही सड सारखे आहेत की नाही ते पाहिलं, आणि मुख्य म्हणजे अंगावरचे भोवरे पाहिले. भोवरे म्हणजे केसांची चक्रं. कुठला भोवरा कुठे असला म्हणजे घराचं भलं होतं आणि कुठला असला म्हणजे घरधनी बुडतो, याची भाऊजींना पुरी माहिती. त्या गाईच्या पाठीवरचा भोवरा त्यांना इतका पसंत पडला की परत आल्यावर दोन दिवस ते त्याच्याबद्दलच बोलत होते. हैबतीने निघताना गाईच्या गळ्यातलं जुनं दावं सोडून घेतलं आणि नवं कोरं बांधलं. "दावं आमी देत न्हाई, मालक. दाव्यामागनं लक्ष्मी जाती," असं तो म्हणाला. भाऊजींना नवं दावं मिळाल्याचाच आनंद. आणखी एक गोष्ट त्यांनी येऊन हसत हसत सांगितली होती. हैबती म्हणाला होता, "गाय लई गरीब हाय. आमची कोंडी तिच्या खालती बसून तासतासभर बोलत असती." दोघं भाऊ त्यावर पोट धरधरून हसले. गाईशी बोलणारी बाई! आमच्याकडेही एक झाडांशी बोलणारी आहे, असं म्हणून पुन्हा हसले. धार कोण काढतं, हे मात्र दोघांतल्या एकानेही विचारलं नाही. त्यांना तो प्रश्न सुचायचं कारणच नव्हतं; दूध पेल्यात कसं येतं हे त्यांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

तांबू आली. दोन दिवस चालून, बरोबर दीड-दोन महिन्यांची कालवड. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी खोलीच्या झरोक्यातून बघत होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. संध्याकाळी माई चरवी घेऊन बसल्या. त्यांनी कालवड सोडली, ती लुचू लागली, गाईने पान्हा सोडला. कालवड बाजूला करून माईंनी सडाला हात लावला मात्र, पान्हा गेला. जसा काही कुणी आतून दरवाजा लावून घेतला. त्या दिवशी पेलाभर निघालं. दुसऱ्या दिवशी अर्धा पेला. तिसऱ्या दिवशी चरवी लाथेने भिंतीवर गेली. मग गवळी बोलावला. तो म्हणाला, गाय दूध चोरते आहे. कालवड तोडा, पाय बांधा, कास भरली की आपण होऊन देईल. पाय बांधले, कालवड बाजूला ठेवली. कास दगडासारखी झाली, गाय थरथरत उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिने थेंब दिला नाही. गवळी जाताना म्हणाला, "आणखी दोन दिवस अशीच राहिली तर आटेल. मग पुढच्या वेतापर्यंत नाव काढायला नको." इकडे कालवड ओरडत होती, गाय ओरडत होती, आणि आमचं मूल... आमचं मूल ओरडायचं थांबलं होतं. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

माईंनी संध्याकाळी कुणालाही न विचारता गाईचे पाय सोडले आणि कालवड मोकळी केली. मी खोलीतून पाहिलं. कालवडीचं पोट टम्म होईपर्यंत ती पीत राहिली आणि माई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या आत आल्या तेव्हा मी म्हणाले, "कालवडीची दया येते तुम्हाला. हा तुमच्या पोटचा असता तर सोडली असतीत का?"

हे वाक्य मी आज सोळा वर्षांनी लिहिते आहे. खोडावंसं वाटतं. पण मी बोलले, आणि अगदी याच शब्दांत बोलले. माईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. वसंताच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि त्या बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता माई घरात नव्हत्या. भाऊजीही नव्हते. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "गेलीय. येईल." कुठे, कशाला, काही नाही. आमच्या सासूबाई एरवी कोथिंबिरीच्या जुडीची हकिगत पाव तास सांगणाऱ्या. त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी मोठं आहे हे मी ओळखलं. माझ्या मनाने लगेच निकाल दिला. माई सारोळ्याला माहेरी गेल्या. भाऊजी पोचवायला गेले. जातील नाही तर काय? मी जे बोलले होते त्यानंतर कुठली बाई राहील? दिवसभर गाय हंबरत होती. ह्यांनी धार काढायचा प्रयत्न केला आणि मांडीवर लाथ खाऊन लंगडत परत आले. सासूबाई कापसाच्या बोळ्याने वसंताच्या ओठांवर साखरेचं पाणी सोडत होत्या. तो चोखत होता का, हे बघायला मी दर थोड्या वेळाने वाकत होते. मला वाटत होतं की मुलाचं आता जे काय होईल ते माझ्या तोंडामुळे होईल. या घरात त्याच्यासाठी हातपाय हलवणारी एकच बाई होती आणि तिला मी हाकलून दिलं. तो दिवस गेला. दुसरा दिवसही कलला. दुपारी त्याने डोळे उघडले नाहीत तेव्हा मी सासूबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "सारोळ्याला माणूस पाठवा. मी पाया पडते म्हणावं." सासूबाई म्हणाल्या, "सारोळ्याला कशाला?"

उन्हं परसाच्या भिंतीवर गेली असतील, तेव्हा माई आल्या. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, काखेत एक गाठोडं. घरात न येता त्या सरळ गोठ्यात गेल्या. आणि थोड्या वेळाने मी झरोक्यातून पाहिलं तर गाईजवळ एक परकी बाई बसलेली. मळकट, ठिकठिकाणी दंड घालून सांधलेलं, गुडघ्यावर खोचलेलं लुगडं, डोक्यावरून पदर ओढलेला. तांबूने मान वळवून त्या पदराचा वास घेतला. एकदा, दोनदा, खूप वेळ. मग तिने जीभ काढून तो पदर चाटला. आणि चरवीत धार पडल्याचा आवाज आला... तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी रिकाम्या भांड्यावरचा टणटण आवाज, मग भरत चाललेल्या भांड्यातला दबका. त्या बाईने तोंड वळवलं तेव्हा कळलं, त्या माई होत्या.

झालं होतं ते असं. मी जे बोलले त्याच दिवशी सकाळी मोळी विकणारी एक बाई परसात आली होती. तिच्या अंगावरचा वास लागताच तांबूने कान टवकारले आणि मान लांब केली. ती बाई सहज म्हणाली, "बाई, हिची धार बाईमानूस काढीत आसंल. तिला बलवा." माईंना हैबतीचं ते वाक्य आठवलं, ज्यावर घर हसलं होतं. संध्याकाळी कालवड सोडली ती आपण परत येईपर्यंत गाय आटू नये म्हणून. मी बोलल्यावर त्या बाहेर गेल्या त्या रडायला नाही, भाऊजींना तयार करायला गेल्या. पहाटेची मोटार नसरापूरपर्यंत, पुढे मिळेल तिथवर बैलगाडी, उरलेली वाट पायी. मला सांगितलं नाही, कारण आणखी एक आशा फुकट गेली तर मी टिकणार नाही, असं त्या दोघी सासू-सुनांचं ठरलं होतं.

पुढचं माईंनी मला एकदम कधीच सांगितलं नाही. कधी शेंगा सोलताना, कधी वाती वळताना, एकेक वाक्य करत, चार-पाच वर्षांत ते पुरं झालं. त्या वाडीत पोचल्या तेव्हा हैबतीची बायको कोंडाबाई दारातच बसलेली होती आणि तिचे दिवस भरले होते. तिला भोरला न्यायचं म्हणून गेलेल्या माई तिच्या पोटाकडे बघून तिथेच पायरीवर बसल्या. कोंडाबाईने आधी गाईचं विचारलं. माईंनी सगळं सांगितलं, मुलाचंही. कोंडाबाई ऐकता ऐकता रडायला लागली. म्हणाली, "मला कुनी इचारलं न्हाई, बाई. म्या घरात हुते. बापय मानसं आली, भवरं बघितलं नि गाय घिऊन गेली." मग डोळे पुसून म्हणाली, "म्या माहेरी गेले का माजी ननंद धार काढती. माजं लुगडं नेसून बसती, मंग देती तांबू. पर... तुमी बामनाच्या. तुमास्नी कसं चालायचं त्ये? शेनामुताचं, घामाचं लुगडं माजं." माई काही बोलल्या नाहीत म्हणे. मला त्यांचं ते न बोलणं डोळ्यांपुढे दिसतं. आज कुणाला यात विशेष वाटणार नाही. पण आमच्या घरात तेव्हा बाहेरून आलेल्या धुतल्या धोतरावरसुद्धा पाणी शिंपडून मग ते आत घेत. दुसऱ्याचं नेसलेलं वस्त्र अंगाला लावणं म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईलाच विचारावं. माई म्हणाल्या, "आणा."

"धुऊन देऊ का?" कोंडाबाईने विचारलं आणि लगेच स्वतःच जीभ चावली. धुतलं तर सगळंच गेलं! वाटेत नेसू नका, तुमचा वास लागेल; गाठोड्यात घट्ट बांधून न्या आणि गाईपुढे जातानाच नेसा, असं तिने बजावलं. तिच्याकडे दोनच लुगडी. माईंनी वसंताच्या लांबलेल्या बारशाला नेसायचं म्हणून ठेवलेलं, सारोळ्याहून आलेलं हिरवं इरकली बरोबर नेलं होतं, ते तिच्या ओटीत घातलं. भाऊजी अंगणात बसून होते. त्यांना आत काय चाललंय ते कळलं नव्हतं. हैबती त्यांना दुसऱ्या गाईचे भोवरे दाखवत होता.

वसंताला ते दूध पचलं. लगेच नाही. पहिले तीन दिवस पेल्यातल्या प्रत्येक चमच्याबरोबर माझा जीव वर-खाली होत होता. आठव्या दिवशी तो रडला, चांगला खणखणीत, आणि घरातल्या पाचही माणसांनी हातातली कामं टाकून ते रडणं उभं राहून ऐकलं. सोवळ्याचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. लुगडं गोठ्यातल्या खुंटीवरच राहील, घरात यायचं नाही. धार झाली की माईंनी परसातच आंघोळ करून आत यावं. माघातली थंडी, दोन वेळा गार पाणी. आणि देवाला नैवेद्याचं दूध? सासूबाई म्हणाल्या, "त्याला मी विचारलंय. साखर चालेल म्हणतो." आयुष्यभर सोवळ्यापायी सुनांना उभं-आडवं केलेल्या बाईच्या तोंडचे हे शब्द. मी जात्याच घाबरट, पण त्या दिवसापासून सासूबाईंना भ्यायचं सोडलं.

पुढचे कितीतरी महिने आमचं घर त्या एका खुंटीवर टांगलेलं होतं. लुगडं धुता येत नव्हतं. त्याला असा वास मारू लागला की शेजारणी परसाकडून यायच्या थांबल्या. ते झिजलेलं, जागोजागी विरलेलं. आज फाटतंय की उद्या, याच चिंतेत मी. उंदराने कुरतडलं तर? कुणी चांगुलपणाने धुऊन टाकलं तर? एकदा अवकाळी सर आली आणि गोठ्याच्या फटीतून पाणी आत आलं, तेव्हा मी ओली बाळंतीण असावी तशी धावत जाऊन ते पोटाशी धरलं. सासूबाईंनी मला तिथेच आंघोळ करायला लावली. जिथे फाटेल तिथे माई आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी जोडत. आधी पदराजवळ एक, मग काठाला एक, मग चांगला हातभर तुकडा. दिवाळीपर्यंत त्यात कोंडाबाईचं किती आणि माईंचं किती, हे कुणाला सांगता आलं नसतं. गाईने काही तक्रार केली नाही.

वसुबारसेला कोंडाबाई आली. भोरच्या बाजाराला आलेली, कडेवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी, अंगावर माईंचं ते हिरवं इरकली. माईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि आपण होऊन गोठ्यात घेऊन गेल्या. मी वसंताला घेऊन मागे उभी राहिले. मला धाकधूक अशी की आता ही गाय तिला बघून पुन्हा बिथरली तर? कोंडाबाईने "तांबे" म्हणून हाक मारली. तांबूने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, पुढे केलेल्या हाताचा वास घेतला, नव्या लुगड्याचा घेतला. मग मान फिरवली आणि माईंचा हात चाटू लागली. माईंच्या अंगावर तेव्हा साधं घरातलं, धुतलेलं लुगडं होतं. कोंडाबाई जराशी हसली. "इसारली मला," म्हणाली. "बरं झालं, बाई. तुमचं काम झालं." आणि कडेवरच्या मुलीला उगाचच या कडेवरून त्या कडेवर घेत राहिली. माई तिला म्हणाल्या, "विसरत नाहीत हो." मला तेव्हा कोंडाबाईचं म्हणणं बरोबर वाटलं होतं.

माझ्या त्या वाक्याची माफी मी एकदाच मागितली. वसंता पाच वर्षांचा असेल. माई त्याचं डोकं विंचरत होत्या. मी म्हटलं, "माई, त्या वेळी मी फार वाईट बोलले तुम्हाला." त्या नेहमीप्रमाणे "हं" म्हणाल्या. मग फणीतले केस काढत म्हणाल्या, "तेव्हा तुला ताप होता, इंदू." ताप नव्हता. तो आधल्याच दिवशी उतरला होता, आणि माझ्या कपाळावर हात ठेवून पाहणाऱ्या माईच होत्या. दोघींनाही ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. या घरात मी न बोलण्याचा तोच काय तो प्रसंग.

तांबू म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. तिची कालवड गाय झाली, तिची चांदी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. या तिन्हींची धार माईंनीच काढली. कोंडाबाईचं लुगडं केव्हाच विरून संपलं, पण खुंटी रिकामी राहिली नाही. तिच्यावर माईंचं एक जुनं लुगडं धारेपुरतं कायम असे. आता त्याची गरज काय, असं मी विचारलं तर म्हणत, "असू दे. लागतं कधी."

त्या दिवशी माईंना पोचवून पुरुष परत आले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. चांदीची कास ताठली होती, ती पाय आपटत होती. घरात धार काढता येणारं कुणी नाही. मी उठले, गोठ्यात गेले आणि खुंटीवरचं लुगडं काढून नेसले. उंच माईंचं लुगडं, मला सगळीकडून मोठं. आयुष्यात पहिल्यांदा गाईखाली बसले. चांदीने मान वळवून पदराचा वास घेतला... मला धड सड धरता येत नव्हते, पण तिने दिलं. मी बोलत होते तिच्याशी. काय बोलले ते आठवत नाही.

दहाव्या दिवशी सुतक फिटलं तेव्हा घरातलं झाडून सगळं नदीवर गेलं. अंथरुणं, पांघरुणं, माईंची नेसती लुगडी. खुंटीवरचं मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, गाय दूध देणार नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांना यातलं आता कळतं. आज दीड महिना झाला. रोज दोन वेळा मी ते नेसते, धार काढते, खुंटीवर ठेवते, परसात आंघोळ करून आत येते. मागच्या आठवड्यात एकदा गडबडीत होते, अंगावरच्या धुतल्या लुगड्यानिशी तशीच जाऊन बसले. अर्धी चरवी भरल्यावर ध्यानात आलं. चांदीने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

घरात मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळ झाली की खुंटीवरचं लुगडं काढते आणि नेसते.